बांधावरची दारवाली

आमच्या आणि माझ्या चुलत दिरांच्या शेताच्या मधे एक बांध आहे. बांध म्हणजे काही कौतुकाची गोष्ट नव्हे, दोन रानांच्या मधे माती असतेच. पण या बांधावर हिवराच्या झाडाखाली बसून मी आणि माझी चुलत जाऊ गेली चोवीस वर्षं दुपारची भाकरी खात आलोय. मधे फक्त सात महिन्यांचा खंड पडला. तो का पडला आणि कसा संपला, हे मला एकदा नीट सांगायचं आहे, कारण आमच्या घरात त्याबद्दल जे सांगितलं जातं ते खरं नाही. त्यात त्या ट्रॅक्टरवाल्याला उगाच बोल लागतो.

मी कोऱ्हाळे बुद्रुकची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. आमच्याकडं काळी जमीन, ऊस आणि पाटाच्या पाण्याची पाळी. तिथं जमीन बोटाबोटानं वापरतात. माझे वडील पाटाच्या काठालासुद्धा मेथी टोकायचे. लग्न होऊन मी इंदापूर तालुक्यात आले, भिगवणपासून आत, जिरायती भागात. पहिल्याच आठवड्यात माझं मत झालं की ही माणसं आळशी आहेत. एवढं मोठं मुरमाड रान, आणि कडेला हातभर जागा नुसती गवताला सोडलेली. बांध तर इतके रुंद की वर बाज टाकून झोपावं. हे मत मी मनात ठेवलं नाही. माझ्या तोंडाला कडी नाही, हे सासरी लवकरच सगळ्यांना कळलं.

नवरा बारामतीला कंपनीत कामाला. आठवड्याची सुट्टी सोडली तर रान माझ्याच ताब्यात. ते ताब्यात आल्यावर आमच्या शेतात कडेला कुंद्याच्या तणाची एक काडी दिसायची नाही. येणारे-जाणारे थांबून बघायचे. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे.

चुलत जाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणते. माझ्या अगदी उलट, बोलायला जड आणि हसायला हलकी. तिच्या बाजूचं गवत ती शेळ्यांसाठी राखून ठेवायची आणि रोज पेंडीभर कापायची, म्हणून तिच्याकडची कड कायम हिरवी किंवा पिवळी, पण गवताची. मी लग्नानंतर पहिल्यांदा खुरपायला गेले त्या दिवशी दुपारी भाकरीचं फडकं घेऊन बांधावर टेकणार, तोच पलीकडून तिचा आवाज आला.

"तितं बसू नगं. तितं एकीचं घर हाय."

मी खाली बघितलं. माती, गवत, दोन वाळल्या काड्या. घर कसलं, काही दिसेना. अक्का आली, उकिडवी बसली, गवताची एक काडी घेऊन तिनं मातीत एका जागी हलकेच सारली, आणि मातीचा एक तुकडा वर उचलला गेला. शर्टाच्या बटणापेक्षा जरासा मोठा, गोल. वरून अगदी बांधाच्या मातीसारखा, पण खालची बाजू पांढरीशुभ्र, रेशमाचं अस्तर लावल्यासारखी. एका अंगाला बिजागरी. आत करंगळी जाईल एवढं बीळ, तेही आतून पांढरं. मी वाकून बघायला लागले, तेवढ्यात आतून कुणीतरी ते झाकण ओढून घेतलं. गवताची काडी दारात चिमटली.

मी मागं सरकले ते थेट खुरप्यावर बसले. अक्का पोट धरून हसली.

"कोळी हाय," ती म्हणाली. "मादी. दिवसा दार उघडत न्हाय ती."

"मग खाती काय?"

"दिवेलागणीला दार किलकिलं करून बसती. किडा जवळनं गेला की धरती, आन आत. भाईर पाय टाकत न्हाय."

"कधीच?"

"मी लगीन करून आले तवापासनं हितंच हाय. आपल्यापरीस बरं हाय तिचं. माहेराची वढ न्हाय, सासरची कटकट न्हाय."

मी त्या कोळ्याच्या मादीचं नाव 'दारवाली' ठेवलं. त्या दिवसापासून अक्का तिच्या कडेला बसायची, मी माझ्या कडेला, आणि दारवाली मधे.

आमच्या जेवणात फार काही असायचं नाही. बाजरीची भाकरी, मिरचीचा खर्डा, कांदा, कधी मटकीची उसळ. अक्काचा खर्डा असा की कान गरम व्हावेत. मी चपाती आणली की ती म्हणायची, "आली बागायतदारीण," आणि अर्धी चपाती उचलायची. बोलणं जास्त माझंच. सासूबद्दल, नणंदांबद्दल, कोऱ्हाळ्याच्या उसाबद्दल. ती ऐकायची आणि मधूनच असं एखादं वाक्य टाकायची की मला घरी जाईपर्यंत ते पुरायचं. माझी थोरली पोटात होती तेव्हा मला कशाचाच वास सहन व्हायचा नाही. तेव्हा तिनं सलग दोन महिने माझ्याबरोबर नुसती ताक-भाकरी खाल्ली, खर्ड्याशिवाय. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

कधी काम लांबलं तर संध्याकाळी दारवालीची शिकार बघायला मिळायची. दार दाण्याएवढं उचललेलं, फटीत दोन काळेभोर पाय. एखादा भुंगा आपल्याच तंद्रीत चालत यायचा. मग डोळ्याचं पातं लवायच्या आत भुंगाही नाही आणि दारही बंद. माती जशीच्या तशी. अक्का दर वेळी तेच म्हणायची, "जेवली बाई." मग आम्ही फडकी झटकून घरी जायचो.

एका वर्षी पाऊस वेळेवर आलाच नाही. रान भाजून निघालं आणि दारवालीचं दार दिसेना. वर माती साचली होती, झाकण कुठलं आणि बांध कुठला हे कळेना. मी म्हणाले, मेली असेल. अक्का ऐकेना. तिनं आपला हात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत बांधावर आडवा ठेवला.

"माझ्या कडंपासनं एक हात," ती म्हणाली. "आता तू घे तुझ्याकडनं."

मी माझ्या कडेपासून घेतला. माझ्या बाजूनं दोन हात भरले, आणि आमच्या बोटांची टोकं एकमेकींना लागली. समोर हिवराचा बुंधा. अक्कानं तिथं बोट टेकवलं. "हितंच हाय. आतनं दार लिंपून बसली आसंल. घर सोडून जायची न्हाय ती."

पाऊस फार उशिरा आला. तो आल्यावर चार दिवसांनी बोट टेकवलेल्या त्याच जागी गोल झाकण पुन्हा दिसायला लागलं, कड स्वच्छ कोरलेली. अक्कानं दुसऱ्या दिवशी हुलग्याचे शेंगोळे करून आणले. आम्ही असं जेवलो की जसं काही आमच्याच घरात कुणी दुखण्यातून उठलं होतं.

वर्षं गेली. लेक बारामतीच्या कॉलेजात शास्त्र शिकायला लागली. तिनं एकदा दारवालीचे फोटो काढून नेले आणि येऊन सांगितलं की या जातीची मादी एकदा बीळ केलं की जन्मभर त्याच बिळात राहते, वीस-वीस वर्षंसुद्धा. अक्का म्हणाली, "ह्ये शिकायला बारामतीला जावं लागतं व्हय?"

गेल्या वर्षी नवऱ्याच्या मनात डाळिंब लावायचं आलं. सुट्टीच्या दिवशी तो खड्ड्यांची आखणी करायला कडेला उभा राहिला, आणि एरवी ज्या बांधाकडं त्यानं कधी ढुंकून बघितलं नव्हतं, तो त्याच्या नजरेत आला. हिवराखाली बांध जरा तरी शिल्लक होता. झाडाच्या मुळ्यांमुळं असेल, असं मला वाटायचं. पण पुढं तर तो एका माणसानं तोल सांभाळून चालावं एवढाच उरला होता. पलीकडं थोरले दीर, म्हणजे अक्काचे मालक, पाण्याचा पाइप जोडत होते.

"दादा, बांध कुठं गेला?" नवऱ्यानं विचारलं.

"कुठं जाईल? हाय की म्होरंच."

"एवढाच व्हता व्हय?"

दिरांनी पाइप खाली ठेवला. "मी न्हाय खाल्ला बाबा. माती खायची सवय मला लहानपणी बी नव्हती."

"मग उंदरांनी खाल्ला का?"

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण शब्दाला शब्द लागत गेला, आणि शेवटी नवरा म्हणाला, "मोजणी आणतो. दूध का दूध आन पानी का पानी हू दे." आमच्या भागात भाऊबंदांत मोजणीचं नाव निघालं की समजावं, आता लग्नकार्याला बोलावणंही होणार नाही.

मी काय केलं? मी नवऱ्याची बाजू घेतली. आपला तो बाब्या. आणि नुसती घेतली नाही, संध्याकाळी अंगणात भांडी घासताना, पलीकडच्या घरी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "खाई त्याला खवखवे." दिरांनी एवढं मनाला लावून घेतलं म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी अक्का बांधावर आली नाही. मी हाक मारली तर ती आपल्या रानातून तिथूनच म्हणाली, "माझ्या मालकाला चोर म्हणायचं आन माझ्या हातची भाकर खायची, दोनी कसं जमंल?" आणि विहिरीजवळच्या लिंबाखाली, माझ्याकडं पाठ करून जेवायला बसली.

ते सात महिने मी मोठ्या तोऱ्यात काढले असं म्हणाले तर खोटं होईल. नवरा मोजणीचा अर्ज द्यायला इंदापूरला गेला, तेव्हा येताना भिगवणला थांबून चिलापी घेऊन आला. आमच्याकडं मासे आले की तळलेले चार तुकडे झाकून अक्काकडं जायचे, हा नियम होता. त्या दिवशी मी सवयीनं ताटलीत चार तुकडे काढले, वर दुसरी ताटली झाकली आणि दारापर्यंत गेले. मग परत येऊन ते तव्याशेजारी ठेवले. रात्रीच्या जेवणातही त्यांना कुणी हात लावला नाही. शेवटी मांजराचं फावलं.

शेतात तर बोलायलाच कुणी नव्हतं. मला गप्प बसायची सवय नाही. एखादी गोष्ट घडली की ती अक्काला सांगेपर्यंत मला ती घडल्यासारखीच वाटत नसे. लेकीला पुण्यात नोकरी लागली, ती बातमी मी अख्ख्या गावाला सांगितली, पण जिला आधी सांगायची तिला ती दुसऱ्याकडून कळली. त्याचं मला फार वाईट वाटलं.

मोजणीची तारीख जवळ आली होती. एका दुपारी मी हिवराखाली एकटीच बसले होते, पाय आमच्या रानात, पाठ अक्काच्या लिंबाकडं. पाठीला रग लागली म्हणून मागं हात टेकवला, तर तळहाताखाली काहीतरी गोल लागलं. दारवालीचं दार. मी हात झटकन उचलला, आणि मग विचार करायला लागले. ही एवढी जवळ कशी आली? पूर्वी तिला बघायचं तर मला बांधावर चढून गुडघे टेकावे लागायचे.

मी उठून अक्काच्या बाजूला गेले. कोपर कडेला ठेवलं. एक हात आणि वर दोन बोटं. माझा हात तिच्यापेक्षा तेवढाच आखूड आहे. म्हणजे तिच्याकडून जेवढं होतं तेवढंच. मग आमच्याकडून मोजलं. एक वीत आणि चार बोटं. दोन हात होते तिथं एक वीत आणि चार बोटं. मी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा तर बोटं अगदी जवळजवळ धरून मोजलं, म्हणजे जरा जास्त भरतील.

लेकीला फोन लावला. "अगं, ती दारवाली जागा बदलून आपल्याकडं आली असंल का?"

"आई, ती जागा बदलत नाही. सांगितलं होतं ना."

"पण ही मेली आणि दुसरी आली असली तर?"

"हिवराच्या बुंध्यासमोरचं तेच बीळ आहे ना?"

"तेच हाय."

"मग बीळ कसं चालत येईल?"

बीळ चालत आलं नव्हतं. बांध गेला होता, आणि तो आमच्या बाजूनं गेला होता. नवऱ्यानं कोरला म्हणावं, तर त्यानं चोवीस वर्षांत औताला हात लावला नव्हता. मग माझ्याच कानात माझाच आवाज आला. दर हंगामात ट्रॅक्टर आला की मी कडेला उभी राहून ओरडायची, "अजून कडंला घे. फाळ बांधाला घासू दे, न्हायतर कुंदा ऱ्हातोय." पेरणी आली, तेच. रोटर आला, तेच. तो बिचारा म्हणायचा, "वहिनी, बांध ढासळंल." मी म्हणायचे, "घे तू." कोऱ्हाळ्याची सवय, कड कोरी राहिली की मला चैन पडायचं नाही. दर वेळी दोन बोटं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या आमच्या अंगणातून सात महिने चालल्या होत्या, आणि बोंब मारणारी मी होते.

दोन दिवस मी हे पोटात ठेवलं. माझ्यासाठी हा विक्रमच. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला सुट्टी होती. चहा पिताना सांगितलं.

"कोळी?" तो म्हणाला. "मोजणीवाल्याला काय सांगू? सायेब, तुमचं मशीन ऱ्हाऊ द्या, आमच्या कोळ्याला इचारा?"

"तुम्ही आधी चला."

बांधावर जाऊन मी त्याला सगळं दाखवलं. कंपनीतल्या सवयीनं त्याच्या खिशात स्टीलची टेप असते. त्यानं दोन्हीकडून मोजलं. मग दारवालीच्या दाराकडं बघत उभा राहिला.

"ह्ये तू केलंस?"

"मीच."

"कशापायी?"

"कुंदा ऱ्हायचा."

तो खाली बसला आणि हसायला लागला. मला राग आला. एवढं मन घट्ट करून सांगावं आणि माणसानं हसावं. पण हसता हसता तो थांबला आणि गवताची काडी मोडत म्हणाला, "मी दादाला चोर म्हणलो गं." 

त्याच दिवशी त्यानं फावडं घेतलं. आमच्या रानातली माती घमेल्यात भरायची आणि बांधाला लावायची, पायानं दाबायची, पुन्हा भरायची. थोरले दीर लिंबाखालून बघत होते. अर्धा दिवस त्यांनी नुसतं बघितलं. मग ते सावकाश चालत आले, बांधापलीकडं उभे राहिले आणि विचारलं, "घमेलं एकच हाय का?" नवऱ्यानं मान हलवली. दीर घरी गेले आणि आपलं घमेलं आणि फावडं घेऊन आले.

दोघं तासभर माती लावत होते. नंतर नवरा म्हणाला, "दादा, आमच्याच बाजूनं खाल्ला बघ. ट्रॅक्टरवाल्यानं. चुकलं माझं."

"जाऊ दे," दीर म्हणाले. "तंबाखू हाय का?"

मी पाण्याची कळशी घेऊन दोन पावलांवर उभी होते. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला सांभाळून घ्यावं म्हणूनच त्यानं ट्रॅक्टरवाल्याचं नाव घेतलं होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. एरवी न विचारता बोलणारी मी, त्या दिवशी पाणी देऊन घरी आले.

मोजणीचा अर्ज मागं घेतला. दोघे भाऊ आठवड्याभरात एका गाडीवरून बाजाराला जायला लागले. पुरुषांचं बरं असतं, एका घमेल्यावर भागतं. बांध पुन्हा रुंद झाला, दारवालीनं नव्या मातीची दखलही घेतली नाही. पण अक्का बांधावर आली नाही. रस्त्यात भेटली तर "झालं का जेवान?" एवढं विचारायची, आणि दुपारी लिंबाखालीच बसायची. मी आठ दिवस वाट बघितली. नवरा म्हणाला, "येईल हळूहळू." ती हळूहळू येणारी नाही, हे मला ठाऊक होतं. नवव्या दिवशी दुपारी मी चपला घातल्या आणि तिच्या घरी गेले.

ती ओसरीवर सुपात मटकी निवडत बसली होती. "ये," म्हणाली, पण सुपातून डोळे वर केले नाहीत. मी उभ्या उभ्याच बोलले, बसले असते तर धीर सुटला असता.

"अक्का, बांध ट्रॅक्टरवाल्यानं न्हाय खाल्ला. मी खाल्ला. मीच त्याला सांगायची, कडंला घे म्हणून."

तिनं एक खडा काढून अंगणात टाकला.

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"पैल्या वर्सापासनं. तुझा आवाज का लहान हाय?"

"मग मला बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं? नवी नवरी, बागायतीतनं आलेली, रान लखलखीत ठेवायची हौस. म्हणलं, घेऊ दे दोन बोटं. आन मागनं सांगितलं असतं तर तुला लाज वाटली असती. तू येऊन बसली नसतीस." तिनं सूप जरा पाखडलं. "मला बी कोण व्हतं दुसरं बोलायला?"

मी पायरीवर बसले.

"येक मातुर केलं," ती पुढं म्हणाली. "ट्रॅक्टर आला की मी येऊन हिवराखाली दारवालीच्या म्होरं बसायची. मला बघून तो तितं जरा लांबनं वळायचा. न्हायतर तिचं कवाच वाटुळं झालं असतं."

ते मला आठवत होतं. ट्रॅक्टर असला की अक्का हटकून यायची. मी ट्रॅक्टरवाल्यासाठी चहा न्यायचे, त्यातला तिला एक कप द्यायचे, आणि मला वाटायचं, ही चहाला येते. मी तसं बोलूनही दाखवलं होतं, दोन-तीनदा.

"सगळं ठावं व्हतं, मग आता का येत न्हाईस?" मी विचारलं. "माती परत लावली की."

अक्कानं पहिल्यांदा सूप खाली ठेवलं. "मातीचं काय घिऊन बसलीस? चोवीस वर्सं दिलीच की न बोलता. पर त्या सांजंला तू अंगणात 'खाई त्याला खवखवे' म्हणलीस. मला वाटलं असतं तर तितंच तुझ्या तोंडावर सांगितलं असतं, कोण खाल्लंय ते. समद्या गल्लीत तुझी शोभा झाली असती. मी दात धरून गप बसले. म्हणलं, ही आपल्या पायानं येऊन सांगंल. सात म्हयनं वाट बघत हुते मी तुझी."

मला वाटत होतं मी तिची वाट बघत होते. मी पदर डोळ्यांना लावला. रडू आलं ते मी आवरलं नाही, आणि तिनंही गप्प राहा असं म्हटलं नाही. जरा वेळानं तिनं सूप माझ्याकडं सरकवलं.

"खडे लई हायत यंदा," ती म्हणाली. "नीट बघून निवड."

मी चष्मा पुसला आणि निवडायला लागले.